आवडले, पण नेमके काय? अभिप्राय वहीत लिहिण्याची एक पद्धत

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर, दोरीने पेन बांधलेली एक अभिप्राय वही बहुधा असतेच. ती उघडून पाहिली तर पानामागून पान ‘अप्रतिम’, ‘मन हेलावून गेले’, ‘प्रत्येकाने आवर्जून वाचावे’ अशा शेऱ्यांनी भरलेले दिसते. लिहिणाऱ्याचा आनंद खरा असतो, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तोच शेरा नाव बदलून दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाखाली लिहिला तरी चालून जातो, आणि मग ‘या आठवड्यात काय नेऊ?’ असे विचारत टेबलापाशी उभ्या असलेल्या सभासदाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. सांगली-मिरजेत आणि आसपासच्या तालुक्यांत वाचकांचे लहान गट महिन्यातून एकदा जमतात, नुकतेच वाचलेले, पाहिलेले आणि ऐकलेले एकमेकांना सांगतात. तिथेही गाडी याच जागी अडते. पुस्तक, चित्रपट किंवा गाणे यांविषयी पानभर, फार तर दीड पान, दुसऱ्याला उपयोगी पडेल असे कसे लिहावे, याची एक पद्धत पुढे दिली आहे. ती वाचकासाठी आणि रसिकासाठी आहे, समीक्षकांचा मार्ग निराळा आहे आणि त्यांना तो लखलाभ असो.

लिहायला बसण्याच्या आधीचे काम जास्त महत्त्वाचे आहे. पुस्तक वाचत असताना जिथे थांबावेसे वाटले, मागचे पान उलटून पुन्हा वाचावेसे वाटले किंवा जिथे कंटाळा आला, त्या पानाचा क्रमांक एका चिठ्ठीवर टिपून ठेवावा. एसटीचे जुने तिकीट याला पुरते आणि खूण म्हणूनही चालते. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने रेघा मारू नयेत; पुढच्या वाचकाला आपल्या आवडीच्या वाक्यांवरूनच चालावे लागते आणि त्याला स्वतःचे वाक्य सापडत नाही. क्रमांकापुढे दोन-तीन शब्द लिहावेत, त्याहून जास्त नको. पुस्तक संपल्यावर लगेच लिहू नये, एखादा दिवस जाऊ द्यावा. शेवटच्या पानाचा अंमल उतरला की चिठ्ठीतल्या सात-आठ जागांपैकी दोन-तीनच डोळ्यांसमोर उरतात, आणि लिहायचे असते ते त्यांच्याविषयीच. चित्रपटाचे आणि मैफलीचे मात्र उलटे आहे. तिथे मागे वळून पाहायला पान नसते, म्हणून घरी परतल्यावर त्याच रात्री चार ओळी टिपल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी इतरांची मते आपल्या आठवणीत मिसळून जातात आणि आपल्याला खरोखर काय वाटले होते हे आपल्यालाच सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येऊ. यासाठी आपल्या भागातले, बहुतेकांच्या वाचनात आलेले पुस्तक घेतलेले बरे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि तिच्यातला मुलूख म्हणजे आपल्याच सांगली जिल्ह्याच्या आटपाडीकडचा माणदेश. त्या काळी हा भाग औंध संस्थानात होता. ती वाचून एखाद्या सभासदाने वहीत लिहिलेला अभिप्राय साधारणपणे असा असतो:

‘माणदेशातील ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण करणारी ही एक अप्रतिम कादंबरी आहे. लेखकाची शैली ओघवती असून व्यक्तिचित्रे अत्यंत जिवंत झाली आहेत. वाचताना डोळ्यांत पाणी उभे राहते.’

यात व्याकरणाची चूक नाही, पण एकही वाक्य लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाही. ‘विदारक चित्रण’ हे शब्द मलपृष्ठांवरून आणि पाठ्यपुस्तकांतून आपल्या हातात येतात आणि कोणत्याही दुष्काळी गावाला लागू पडतात. ‘ओघवती शैली’ हे तर या पुस्तकापुरते चुकीचेच आहे, कारण माडगूळकरांची वाक्ये आखूड आहेत, ती वाहत नाहीत, एकेक गोष्ट दाखवून थांबतात. डोळ्यांत पाणी आले असेल, तर ते कोणत्या प्रसंगी आले हे सांगितल्याशिवाय दुसऱ्याला त्या पाण्याचा पत्ता लागत नाही. अशा अभिप्रायावर काम करताना प्रत्येक विशेषणापाशी थांबून ‘हे पुस्तकात कुठे आहे?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर सापडले तर विशेषण काढून ते उत्तर लिहावे. सापडले नाही तर विशेषण नुसतेच काढून टाकावे. एवढे केले की वरचा अभिप्राय असा होऊ शकतो:

‘धनगरांच्या वस्तीवर शाळामास्तर म्हणून आलेल्या एका कोवळ्या पोराची ही गोष्ट आहे. शाळेत मुले यावीत म्हणून तो धडपडतो आणि गाव हळूहळू त्याला आपल्या शाळेबाहेरच्या कामांनाही जुंपते. मला सर्वांत जास्त आवडला तो हा भाग. गावकरी मिळून तालीम बांधतात, औंधचे राजे तिच्यासाठी गावात येतात, आणि सगळे जमून आले असे वाटत असतानाच पाऊस दगा देतो. दुष्काळाचे वर्णन लेखक आवाज न चढवता, लहान लहान वाक्यांत करतो, त्यामुळे ते फार लागले. माझे आजोळ त्याच बाजूचे असल्याने ही माणसे मला ओळखीची वाटली, हेही सांगायला हवे. ज्यांना भराभर पुढे सरकणारे कथानक लागते, त्यांनी पहिली पन्नास पाने धीराने वाचावीत.’

दुसऱ्या अभिप्रायात ‘अप्रतिम’ हा शब्द कुठेही नाही, तरी लिहिणाऱ्याला पुस्तक आवडले आहे हे कोणालाही कळते. शिवाय एका वाचकाला पुस्तक न्यावे आणि दुसऱ्याला नेऊ नये, असे दोन्ही निर्णय त्यावरून करता येतात. आजोळाचे वाक्य काहींना अनावश्यक वाटेल, मला ते सर्वांत प्रामाणिक वाटते. माण, आटपाडी, जत या बाजूचा वाचक आणि कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातला वाचक एकाच दुष्काळाच्या वर्णनाकडे सारख्या नजरेने पाहू शकत नाहीत. आपण कुठे उभे राहून बोलतो आहोत हे सांगून टाकले की ऐकणाऱ्याला आपल्या मताचे वजन त्याच्या मापाने करता येते.

पुस्तकाची जुजबी माहिती देण्यात फार वेळ घालवू नये, पण जी द्यायची ती चोख द्यावी: लेखकाचे नाव, प्रकाशक, हातात असलेली आवृत्ती आणि पुस्तक अनुवादित असल्यास अनुवादकाचे नाव. हे शेवटचे नाव हमखास राहून जाते. आपण मराठीत जे वाचले ते प्रत्येक वाक्य अनुवादकाने लिहिलेले असते, आणि भाषेची तारीफ करताना त्याला वगळून मूळ लेखकाची पाठ थोपटणे हा सरळ अन्याय आहे. आवृत्तीचा उल्लेखही नुसता सोपस्कार समजू नये. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा वाचनालयांतली पुस्तकेही भिजून गेली. अनेक जुन्या पुस्तकांच्या जागी नंतरच्या आवृत्त्या आल्या, आणि त्यांत कधी प्रस्तावना नवी असते, कधी चित्रे गळालेली असतात, तर कधी मुद्रणदोष वाढलेले असतात.

कथानक किती सांगावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सर्वसाधारण नियम असा करता येईल की पुस्तकाच्या किंवा चित्रपटाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात जे घडते ते मोकळेपणाने सांगावे, पुढचे सांगताना मात्र घटना न सांगता तिचा परिणाम सांगावा. वरच्या अभिप्रायात पाऊस दगा देतो इथपर्यंतच मजकूर आहे; पुढे वस्तीचे आणि मास्तराचे काय होते हे वाचकासाठी राखून ठेवले आहे. चित्रपटाच्या बाबतीत हे अधिक कठीण जाते, कारण बहुतेकांच्या मनात शेवटच घर करून राहतो. तरीही मार्ग असतो. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला, त्यातली अजय-अतुल यांची गाणी गावोगावच्या वरातींत आणि गणपतीत वाजली. अशा गाण्यांनी भरलेल्या चित्रपटाच्या अखेरच्या काही क्षणांत दिग्दर्शक नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात आणि प्रेक्षागृह एकदम नि:शब्द होते, एवढे लिहिले तर काय घडले हे न सांगताही शेवट कसा घडवला आहे हे सांगून होते. ज्याने चित्रपट पाहिला आहे त्याला ती जागा लगेच आठवते आणि ज्याने पाहिलेला नाही त्याचे काहीही बिघडत नाही.

चित्रपटाविषयी आणखी दोनच सूचना पुरेत. पहिली, तो कुठे पाहिला हे लिहावे. प्रवासात मोबाइलवर, एकाच कानात इअरफोन घालून पाहिलेल्या चित्रपटाच्या ध्वनीविषयी किंवा छायाचित्रणाविषयी ठाम मत देऊ नये. अभिनयाविषयी आणि संवादांविषयी खुशाल द्यावे. दुसरी, पुस्तकावरून केलेला चित्रपट असेल तर ‘पुस्तकाची सर नाही’ या वाक्याचा मोह टाळावा. ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. त्याविषयी लिहिताना कादंबरीतले काय गळाले याची यादी करण्यापेक्षा, जे कादंबरीला शब्दांनी उभे करावे लागते तो उजाड माळ, ती घरे आणि ती मेंढरे कॅमेरा क्षणात दाखवून टाकतो, मग उरलेल्या वेळाचे दिग्दर्शकाने काय केले, हे पाहिले तर लिहिण्यासारखे बरेच सापडते.

खरी कसोटी लागते ती संगीताविषयी लिहिताना. पुस्तकातला उतारा देता येतो, चित्रपटातला प्रसंग सांगता येतो. सूर मात्र कागदावर आणता येत नाही. त्यामुळे लिहिणारा ‘स्वर्गीय’, ‘तल्लीन’, ‘ब्रह्मानंदी टाळी’ यांच्या आश्रयाला जातो, किंवा अर्धवट माहितीच्या परिभाषेची झूल पांघरतो. या दोन्हींपासून दूर राहण्याचा उपाय असा की प्रथम आपण नेमके काय ऐकले ते निश्चित करावे. ‘गीतरामायण ऐकले’ या वाक्यातून पुरेसे कळत नाही. ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे ‘बनगरवाडी’कारांच्याच थोरल्या बंधूंनी, लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली, तेव्हा ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. आज घरोघरी ऐकली जातात ती मुख्यत: फडक्यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली. एकच गीत स्त्रीच्या आवाजात पात्राचे मनोगत होते आणि फडक्यांच्या आवाजात निवेदकाने सांगितलेली कथा होते. आपल्याला यांपैकी काय भावले हे सांगण्यासाठी गायन कोणाचे होते हे आधी सांगावे लागते. मोबाइलवरच्या गाण्यांच्या यादीत बहुधा गायकाचेच नाव ठळक असते. गीतकार आणि संगीतकार यांची नावे थोडी खटपट करून शोधावीत आणि अभिप्रायात लिहावीत.

जुनी ध्वनिमुद्रणे ऐकताना त्यांची मर्यादाही ध्यानात ठेवावी. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते, १९३७ मध्ये ते गेले आणि त्यांचे दफनही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात झाले. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते. त्यांच्या तबकड्या आज कोणालाही सहज ऐकायला मिळतात, परंतु त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मावत असत. त्या ऐकून ‘विस्तार कमी वाटला’ असे लिहिणे म्हणजे पोस्टकार्डावर कादंबरी का लिहिली नाही असे विचारणे होय. त्याऐवजी एवढ्या वेळात गवयाने काय ठेवले आणि काय सोडले, आवाज किती हलका लावला, शब्द कुठे विरघळू दिले, याकडे कान द्यावा. ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकता येते, हा त्याचा मोठा फायदा आहे. म्हणून आवडलेल्या जागेची मिनिटे आणि सेकंद नोंदवावेत. ‘दुसऱ्या अंतऱ्यानंतर गायिका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी क्षणभर थांबते’ हे वाक्य राग न ओळखणारा श्रोताही लिहू शकतो आणि वाचणाऱ्याला ती जागा अचूक सापडते.

राग ओळखता आला नाही तर अंदाज ठोकू नये. मैफलीत निवेदक सांगतो तेव्हा लिहून घ्यावे, नाहीतर शेजाऱ्याला विचारावे. मिरजेत शेजारी बसलेल्याला विचारले की रागाचे नाव तर कळतेच, वर त्याच रागातल्या आणखी चार मैफलींची हकीकत मध्यंतरभर ऐकून घ्यावी लागते. साथीदारांची नावे लिहिण्यात कंजुषी करू नये. तबला आणि पेटी यांच्याकडे लक्ष जाते, पण मागे बसून तंबोरा छेडणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. ज्यांना तंबोऱ्याविषयी लिहायचे आहे त्यांनी एकदा मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात जाऊन जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, पाहावे. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानशीने अगदी हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो; मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतो, आणि एका ठिकाणी आल्यावर आतापर्यंत मुकी वाटणारी तार एकाएकी झंकारत मोकळी होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आपण बाळगतोच. पण हा धागा सरकताना एकदा ऐकला की पुढच्या मैफलीत गायकाच्या मागे तंबोरा कसा लागला आहे हे कानाला आपोआप कळू लागते आणि अभिप्रायात लिहायला एक खरी गोष्ट मिळते.

संगीत नाटकाविषयी लिहिताना नाटक आणि गाणे यांची फारकत करू नये, एवढेच सांगतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत सादर केले आणि ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल जवळच्या हरिपूरचे, त्यामुळे आपल्याकडे नाट्यपदांचे जाणकार मुबलक आहेत आणि प्रयोगानंतर चर्चा होते ती बहुतेक तानांची. जरठकुमारी विवाहासारखा, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीच्या लग्नाचा, विषय घेऊन १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची पदे बोलण्याइतक्याच सोप्या भाषेत आहेत. एखादे पद नटीने इतके रंगवले की शारदेचे संकट प्रेक्षक विसरूनच गेले, तर ते गाण्याचे यश आणि प्रयोगाचे अपयश आहे. दोन्ही गोष्टी एकाच अभिप्रायात लिहाव्यात.

न आवडलेल्या गोष्टींबद्दल एक-दोन वाक्ये असावीतच. ती नसली की अभिप्राय जाहिरातीसारखा वाटतो, आणि फार झाली की आवडले होते हेच विसरायला होते. तक्रार करतानाही जागा दाखवावी: ‘शेवट गुंडाळला आहे’ याऐवजी ‘मुलगी घर सोडून जाते तिथपर्यंत प्रत्येक दिवस सविस्तर येतो आणि नंतरची दहा वर्षे चार पानांत उरकली आहेत’ असे लिहिल्यास लेखकालाही त्याचा राग येऊ नये. लेखक, गायक किंवा दिग्दर्शक आपल्या ओळखीचा असेल, आणि सांगलीसारख्या गावात तो निम्म्या वेळा असतोच, तर पहिल्या ओळीतच तसे सांगून टाकावे. ओळख लपवून केलेली स्तुती उघडी पडायला एक चहा पुरतो. नात्यागोत्यातल्या माणसाच्या पुस्तकावर लिहिण्याची वेळ आलीच, तर शक्यतो नकार द्यावा. ते जमले नाही तर पुस्तकात काय आहे एवढेच नीट सांगावे आणि ते कसे आहे हे दुसऱ्यावर सोडावे.

मजकूर तयार झाला की तो मोठ्याने वाचून पाहावा. जिथे आपली जीभ अडखळते किंवा आपण व्यासपीठावर उभे असल्यासारखा आवाज निघतो, ते वाक्य बदलावे. ‘सदर कादंबरीमध्ये लेखक महोदयांनी’ असे कोणी घरी बोलत नाही. लेखी भाषा शुद्ध असावी, पण तिला सरकारी परिपत्रकाचा वास नसावा. मग कोणासाठी हे पुस्तक योग्य आहे, याचे एक वाक्य जोडावे, आणि ते ‘सर्वांसाठी’ असू नये. ‘ज्यांना प्रवासवर्णनात माणसे जास्त आणि देवळे कमी हवीत त्यांच्यासाठी’, ‘रात्री उशिरा, घरातले झोपल्यावर ऐकण्यासाठी’, ‘बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी’ असे काही लिहिले की टेबलापाशी उभ्या असलेल्या सभासदाचे काम होते.

अखेरीस नाव आणि तारीख घालावी. तारीख विशेष महत्त्वाची आहे, कारण तेच पुस्तक पाच वर्षांनी पुन्हा वाचल्यावर मत बदलले तर जुन्या मजकुरावर खाडाखोड न करता खाली नव्या तारखेने नवे मत लिहिता येते. अभिप्रायाखाली निदान पाव पान कोरे सोडावे. तेच पुस्तक नेणाऱ्या दुसऱ्या सभासदाला आपले म्हणणे पटले नाही, तर त्याने तिथेच आपल्या आवडीची किंवा नावडीची जागा, पानाच्या क्रमांकासह, लिहावी.